तिकीट, बिल्ला आणि लाकडी घोडे

एक छापील सरकारी अर्ज आहे. वर शीर्षक आहे, ‘पोलीस अधिकाऱ्याने वॉरंटसाठी करावयाचा अर्ज’. तारीख ३० जून १९६०, ठिकाण अमेरिकेतल्या मेरिलँड राज्यातली माँटगोमेरी काउंटी. अर्ज भरणारा फ्रान्सिस कॉलिन्स स्वतःला डेप्युटी शेरिफ म्हणवतो आणि आपण काउंटीच्या पोलीस दलात आहोत असं शपथेवर सांगतो. रात्री पावणेनऊच्या सुमारास विल्यम ग्रिफिन नावाचा इसम ग्लेन एको पार्कमध्ये दिसला. पार्क ही खासगी मालमत्ता आहे. मालक केबार कंपनी. तिच्या हुकमावरून इसमाला बाहेर जायला सांगितलं, पुरेसा वेळ दिला, तो गेला नाही, म्हणून बेकायदा घुसखोरीबद्दल अटक केली. अर्जाचा सारांश एवढाच. त्यातला मजकूर पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात उतरवला गेला, म्हणून तो आज कुणालाही वाचता येतो.

मला हा कागद त्यात जे लिहिलेलं नाही त्यासाठी महत्त्वाचा वाटतो. ग्रिफिनला बाहेर का काढलं हे त्यात नाही. तो मेरी-गो-राउंडवर बसला होता हे नाही. त्याच्याजवळ त्या राईडचं तिकीट होतं, हेही नाही. ‘खासगी मालमत्ता’, ‘हुकूम’, ‘पुरेसा वेळ’ हे शब्द कुठल्याही शेतमालकाच्या तक्रारीत शोभतील. कागद वाचून कुणालाही वाटावं की पार्क बंद झाल्यावर एखादा उनाड पोरगा आत रेंगाळत होता. ग्रिफिन कृष्णवर्णीय होता आणि ग्लेन एकोचं गिऱ्हाईक गोरंच असावं असा तिथला शिरस्ता होता, हे कळायला दुसरे कागद काढावे लागतात.

आणखी एक बारीक गोष्ट. अर्जात केबार कंपनी ‘मालक’ आहे. न्यायालय मात्र सांगतं की पार्कची मालकी ‘रेकाब’ कंपनीची आणि ते चालवण्याचं काम ‘केबार’चं. दोन्ही नावं घरातलीच. १९५५ मध्ये पार्क विकत घेणाऱ्या बेकर बंधूंचं आडनाव इंग्रजीत उलटं लिहिलं की रेकाब होतं, आणि त्याच अक्षरांची अदलाबदल केली की केबार. ज्याच्या हुकमावरून अटक झाली त्या मालकाचं नाव अटक करणाऱ्यानेच चुकीचं लिहिलं. खटल्यात त्यावर काही अडलं नाही. पण साक्षीपुराव्याचा कागद किती घाईत आणि किती सवयीने भरला गेला होता, ते यातून दिसतं.

ग्लेन एको वॉशिंग्टन शहराच्या वायव्येला पोटोमॅक नदीच्या काठावर आहे. जागेची सुरुवात करमणुकीची नव्हतीच. एडविन आणि एडवर्ड बाल्ट्झली या दोन भावांनी १८९१ मध्ये इथे शटॉक्वा भरवली. शटॉक्वा म्हणजे त्या काळच्या अमेरिकेतलं उन्हाळी ज्ञानसत्र: व्याख्यानं, धर्मचर्चा, संगीत, मोकळी हवा. आपल्याकडची वसंत व्याख्यानमाला तंबूसकट नदीकाठी नेली तर जे होईल, साधारण तसं. अंडी फेटायच्या यंत्राच्या पेटंटवर एडविनने पैसा कमावला होता. त्यातून दगडी बुरूज उभा राहिला, मोठं सभागार उभं राहिलं. एक हंगाम बरा गेला. मग या भागात मलेरिया आहे अशी आवई उठली आणि ज्ञानाची हौस ओसरली. बुरूज मात्र अजून उभा आहे.

पुढचा धनी ट्रामवाला. वॉशिंग्टनहून इथवर विजेची ट्राम येत असे. सोमवार ते शुक्रवार कचेरीची माणसं डबे भरत, शनिवार-रविवार ट्राम रिकामी धावे. तेव्हा रुळाच्या टोकाला करमणुकीची जागा काढायची, म्हणजे भाड्याचे पैसेही मिळतात आणि पाळण्याचेही, ही शक्कल त्या काळी अनेक ट्रामकंपन्यांनी लढवली. १९११ मध्ये वॉशिंग्टन रेल्वे अँड इलेक्ट्रिक कंपनीने ग्लेन एको घेतलं आणि त्यात मनापासून पैसा ओतला. १९२१ मध्ये ‘कोस्टर डिप्स’ हा लाकडी रोलर कोस्टर आणि त्याच वर्षी मेरी-गो-राउंड. १९२३ मध्ये एकमेकांवर आदळणाऱ्या मोटारी, ज्यांना आपण डॅशिंग कार म्हणतो. १९३१ मध्ये ‘क्रिस्टल पूल’. त्यात एका वेळी तीन हजार माणसं पोहू शकत आणि काठावर वाळू आणून खोटा समुद्रकिनारा केला होता. १९३३ मध्ये ‘स्पॅनिश बॉलरूम’ नावाचं नाचगृह. मंदीच्या ऐन कडाक्यात पोहणं आणि नाच या दोन गोष्टींवर एवढा खर्च करणाऱ्या कंपनीला आपलं गिऱ्हाईक पक्कं ठाऊक होतं, असंच म्हणावं लागतं.

यातलं मेरी-गो-राउंड जरा जवळून पाहण्यासारखं आहे. फिलाडेल्फियाच्या डेंट्झेल कारखान्यात ते तयार झालं. लाकडात कोरलेले एकूण ५२ प्राणी. बहुतेक घोडे, पण सोबत ससे आहेत, शहामृग आहेत आणि एक सिंह, एक वाघ, एक जिराफ, एक हरीण. बसायला दोन रथही आहेत. म्हाताऱ्या माणसांनी किंवा कडेवर मूल असलेल्या आयांनी बसावं ते रथात. शेजारी वुर्लिट्झर कंपनीचा बँड ऑर्गन. त्यात भोकं पाडलेल्या कागदाची गुंडाळी फिरते आणि त्या भोकांबरहुकूम पोकळ नळ्या, ढोल, झांजा वाजतात. म्हणजे बँडही यांत्रिक, घोडेही यांत्रिक, आणि मधे माणसाला करायचं काम एकच: तिकीट घेणं. ग्लेन एकोला त्या काळी प्रवेश तिकीटच नव्हतं. कुणीही आत शिरावं, हिंडावं, ज्या राईडवर बसायचं तिचं तिकीट घ्यावं. ते तिकीट कुणाच्या नावाचं नसे. एकाने काढावं, दुसऱ्याने वापरावं.

फाटक उघडं, प्रवेशाला तिकीट नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने मुद्दाम नोंदवलंय त्याप्रमाणे, कृष्णवर्णीयांना मज्जाव आहे असं सांगणारा एकही फलक नाही. दक्षिणेत पाण्याच्या नळावर, स्टेशनच्या बाकावर पाट्या असत. ग्लेन एकोला पाटीची गरज नव्हती. जे ओळखून होते ते येत नसत. जो यायचा त्याला कुणीतरी तोंडी सांगे. एका अर्थी हा ग्राहकसेवेचाच भाग होता. गोऱ्या गिऱ्हाइकाला सुट्टीच्या दिवशी एखादी अप्रिय पाटी डोळ्यांसमोर नको. नियम आहे हे त्याला कळायची गरजच नव्हती. नियम त्याच्यासाठी पाळला जात होता आणि तो मजेत होता.

शहरातली परिस्थिती वेगळी होती. १९५३ मध्ये ‘डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबिया विरुद्ध जॉन आर. थॉम्पसन कंपनी’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वॉशिंग्टनमधल्या उपाहारगृहांना कृष्णवर्णीयांना वाढायला लावलं होतं. त्यासाठी एकोणिसाव्या शतकातले, कुणी रद्द न केलेले, सगळ्यांच्या विस्मरणात गेलेले स्थानिक कायदे शोधून काढले गेले. पण शहराची हद्द संपली की मेरिलँड सुरू होतं आणि तिथे तो निकाल लागू नव्हता. म्हणजे ट्राम शहरातून निघत होती तेव्हा तिच्यातल्या प्रवाशाला जेवणाच्या टेबलावर हक्क होता आणि ट्राम ग्लेन एकोला पोचेपर्यंत लाकडी घोड्यावरचा हक्क संपलेला असे. १९६० च्या जानेवारीत ही ट्रामसेवाच बंद झाली. त्या उन्हाळ्यात निदर्शक आले ते रस्त्याने.

जाहिरातींचंही असंच. मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात अटलांटाच्या ‘फनटाउन’ पार्कचा उल्लेख आहे. टीव्हीवर त्याची जाहिरात पाहून सहा वर्षांच्या मुलीने तिकडे जायचा हट्ट धरला आणि बापाला कारण सांगणं जड गेलं. जाहिरात घरोघर जाते आणि तिला रंग दिसत नाही. रंग दिसतो तो फाटकावरच्या माणसाला.

ग्लेन एकोच्या फाटकावर ३० जूनला जे घडलं त्याचे तीन प्रकारचे पुरावे उरले आहेत: ध्वनिफीत, छायाचित्र आणि न्यायालयातली जबानी. तिन्ही एकमेकांना पूरक आहेत, पण तिन्ही एकच गोष्ट सांगत नाहीत.

ध्वनिफीत बातमीदाराची. निदर्शकांचा म्होरक्या लॉरेन्स हेन्री, हॉवर्ड विद्यापीठातला धर्मशास्त्राचा विद्यार्थी, आणि पहारेकरी कॉलिन्स यांचा संवाद तिच्यात आहे. पहारेकरी विचारतो, तुझा वंश कोणता? हेन्री म्हणतो, मी मानववंशाचा. पहारेकरी सांगतो की हे पार्क फक्त गोऱ्यांसाठी आहे, गेली कित्येक वर्षं आहे. माझी कातडी काळी म्हणून तू मला अडवतोस का, या प्रश्नावर तो उत्तरतो की कातडीमुळे नव्हे, मी तुला तुझा वंश विचारला. हे वाक्य मला फार बोलकं वाटतं. माणूस उद्धट नाही. आवाज चढवत नाही. त्याला एक नियम दिला आहे आणि तो नियम त्याला रंगाच्या भाषेत म्हणायचा नाही, वंशाच्या भाषेत म्हणायचा आहे. पण वंश कळायला त्याच्याजवळ डोळ्यांखेरीज काय साधन होतं? हेन्री विचारत जातो, तो संथपणे हो म्हणत जातो. अमेरिकेचा नागरिक असलेल्या कृष्णवर्णीयाला तू नाकारतोस? हो. इतक्या स्पष्टपणे हा नियम कुठल्याही कागदावर येऊ शकला नसता. तो फितीवर आला, कारण कुणीतरी समोर उभं राहून विचारत राहिलं.

हेन्री ज्या गटाचा होता त्याचं नाव ‘नॉनव्हायलंट अॅक्शन ग्रुप’. हॉवर्ड विद्यापीठात अहिंसेचा विचार नवा नव्हता. तिथले कुलप्रमुख मॉर्डेकाय जॉन्सन भारतात येऊन गेले होते, आणि त्यांचं गांधीजींवरचं व्याख्यान ऐकूनच तरुण किंग गांधींची पुस्तकं शोधायला गेले. १९६० च्या फेब्रुवारीत ग्रीन्सबरोच्या उपाहारगृहातल्या चार विद्यार्थ्यांच्या बैठ्या सत्याग्रहाने दक्षिणेत वणवा पेटवला होता. जूनमध्ये हा गट वॉशिंग्टनच्या नदीपलीकडच्या आर्लिंग्टनमध्ये उपाहारगृहांत बसला आणि तिथली दुकानं काही दिवसांतच नमली. पुढचा मुक्काम ग्लेन एको.

बाहेर काळे-गोरे निदर्शक फलक घेऊन फिरत असताना काही जण आत शिरले. त्यांतले पाच कृष्णवर्णीय तरुण मेरी-गो-राउंडकडे गेले. न्यायालयाच्या नोंदीप्रमाणे त्यांना कुणी अडवलं नाही. राईडची तिकिटं त्यांच्याजवळ होती, दुसऱ्यांनी काढून दिलेली, आणि तशी देणं नियमाला धरूनच होतं. ते चढले, बसले. पाळणा सुरू व्हायची वाट बघत राहिले. कॉलिन्सने त्यांना पाहिलं आणि तो व्यवस्थापकाकडे गेला. व्यवस्थापक म्हणाला, जात नसतील तर घुसखोरीबद्दल अटक कर. कॉलिन्स परत आला. राईडवर किंवा पार्कमध्ये कृष्णवर्णीय नकोत हे पार्कचं धोरण आहे, असं त्याने त्यांना सांगितलं आणि बाहेर पडायला पाच मिनिटं दिली. त्यांनी तिकिटं दाखवली. पाच मिनिटं झाल्यावर तो एकेकाजवळ गेला, वेळ संपली म्हणाला आणि अटक केली. कुणी गोंधळ घातल्याचा उल्लेख कुठेही नाही.

त्या रात्रीचं एक प्रसिद्ध छायाचित्र आहे: पाळण्यावर बसलेला तरुण, शेजारी उभा गणवेशातला पहारेकरी. ते चित्र पाहिलं की लक्षात येतं की ही पाच मिनिटं फार लांब गेली असणार. पाळणा थांबलेला. बाकीची पोरं उतरली की बसून राहिली? ते जबानीत नाही, कारण खटल्याला त्याची गरज नव्हती. न्यायालयाच्या कागदांचा हा स्वभावच असतो. वकिलाने विचारलं तेवढंच साक्षीदार बोलतो आणि न्यायाधीशाला हवं तेवढंच निकालात येतं. ऑर्गन वाजत होता का, हे आपण निकालपत्राला विचारू नये.

आता बिल्ला. कॉलिन्सला पगार द्यायची ‘नॅशनल डिटेक्टिव्ह एजन्सी’. अंगावर गणवेश तिचाच. पण त्याने काय करायचं हे ठरवायचं पार्कच्या व्यवस्थापकाने. आणि पार्कच्याच विनंतीवरून, असं दिसतं, काउंटीने त्याला डेप्युटी शेरिफ केलं होतं. म्हणजे नेमून दिलेल्या जागेपुरते त्याला खऱ्या डेप्युटीचेच अधिकार होते. तो शेरिफचा बिल्ला लावत असे आणि स्वतःची ओळख पार्कचा नोकर अशी न देता डेप्युटी शेरिफ अशीच देत असे. एका माणसात तीन मालक! पार्कला हे सोयीचं होतं. नुसत्या चौकीदाराला कुणी जुमानत नाही आणि खऱ्या पोलिसाला बोलवायचं तर त्याला कारण विचारायचा हक्क असतो. बिल्ला लावलेला स्वतःचाच माणूस असला की दोन्ही अडचणी मिटतात. पार्कने ही युक्ती दारुडे, पाकीटमार, पोहण्याच्या तलावावर धिंगाणा घालणारे यांच्यासाठीच केली असेल. पण चार वर्षांनी त्याच युक्तीमुळे खटला हरला गेला.

पाचही जणांना घुसखोरीबद्दल दोषी ठरवून दंड झाला. बाहेर निदर्शनं मात्र उन्हाळाभर चालली. त्यात हॉवर्डचे विद्यार्थी होतेच, पण शेजारच्या बॅनॉकबर्न वसाहतीतले गोरे रहिवासीही होते. त्यांतली बरीच ज्यू कुटुंबं, कामगार संघटनांशी संबंध असलेली. मुलांना बाबागाडीत घालून आया रांगेत चालत. समोरच्या बाजूला जॉर्ज लिंकन रॉकवेलच्या अमेरिकन नाझी पार्टीची माणसं दंडावर स्वस्तिकाची पट्टी बांधून उभी राहत. पार्क दुसऱ्या महायुद्धानंतर पंधरा वर्षांनी, वॉशिंग्टनपासून हाकेच्या अंतरावर, हे दृश्य बघत होतं आणि आत राईडची तिकिटं विकत होतं. त्या हंगामात धोरण बदललं नाही. १९६१ चा हंगाम सुरू होताना बदललं. मधल्या काळात केनेडींचं सरकार आलं होतं आणि त्याचा दाब होता. पार्क सगळ्यांना खुलं झालं.

इथे तारखांचा एक विचित्र पेच आहे. मेरिलँडच्या अपील न्यायालयाने पाच जणांची शिक्षा कायम केली ती १९६१ च्या जूनमध्ये. म्हणजे त्या दिवशी कुणीही कृष्णवर्णीय मूल ग्लेन एकोला जाऊन त्याच घोड्यावर बसू शकत होतं आणि वर्षापूर्वी तिथे बसल्याबद्दल हे पाच जण गुन्हेगारच राहत होते. मालकाने हट्ट सोडला तरी राज्याने खटला सोडला नाही. तडजोड झाली की जुनी प्रकरणं आपोआप मिटतात अशी जी समजूत असते, ती इथे लागू पडत नाही.

सर्वोच्च न्यायालयात प्रकरण दोनदा ऐकलं गेलं, १९६२ आणि १९६३ मध्ये. निकाल २२ जून १९६४ रोजी, ‘ग्रिफिन विरुद्ध मेरिलँड’. सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनी तो लिहिला. शिक्षा रद्द. पण आधार पाहा. खासगी पार्कने वंशभेद करावा की करू नये, यावर न्यायालयाने काही म्हटलंच नाही. त्याचं म्हणणं एवढंच: ज्याच्याकडे राज्याचा अधिकार आहे आणि जो त्या अधिकाराने वागतोय असं दाखवतो, त्याची कृती ही राज्याची कृती. तोच माणूस तीच कृती साधा नोकर म्हणून करू शकला असता, याने फरक पडत नाही. आणि राज्याला वंशभेदाचं धोरण राबवता येत नाही. न्यायमूर्ती हार्लन असहमत होते, ब्लॅक आणि व्हाइट त्यांच्यासोबत. त्यांचा सवाल बिनतोड होता: मालकाने ठाण्यावर फोन करून साधा पोलीस बोलावला असता, तर यात काय वेगळं झालं असतं? मला स्वतःला हार्लनचं तर्कशास्त्र जास्त चोख वाटतं आणि वॉरनचा निकाल जास्त योग्य. त्या पाच जणांना सोडवलं ते तत्त्वाने नव्हे, एका बिल्ल्याने आणि एका अर्जाने, ज्यात कॉलिन्सने स्वतःच्या हाताने आपला हुद्दा लिहून ठेवला होता.

पुढल्या दहा दिवसांत, २ जुलै १९६४ ला, नागरी हक्क कायद्यावर राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांची सही झाली. तरी करमणुकीच्या जागांचा प्रश्न सुटला असं नव्हे. कायद्याच्या यादीत हॉटेलं, उपाहारगृहं, पेट्रोल पंप, सिनेमागृह, नाट्यगृह, क्रीडागृह होती, आणि शेवटी ‘प्रदर्शनाची किंवा करमणुकीची अन्य जागा’ असं मोघम शेपूट. पाळणे आणि पोहण्याचे तलाव नावानिशी नव्हते. लगेच वाद सुरू झाला की करमणूक म्हणजे बसून पाहायची की स्वतः उड्या मारायची? १९६८ मध्ये बॅटन रूजच्या ‘फन फेअर पार्क’बाबत अपील न्यायालयाला हाच प्रश्न सोडवावा लागला. १९६९ मध्ये आर्कान्सामधल्या लेक निक्सनचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथे तळं, होड्या, मिनी गोल्फ, नाच, खाण्याचं दुकान. मालकांनी ‘क्लब’ अशी पाटी लावली होती आणि पंचवीस सेंटला ‘सभासदत्व’ मिळे. हंगामात लाखभर गोरे सभासद होत. कृष्णवर्णीय आला की सभासदसंख्या नेमकी पूर्ण भरलेली असे. न्यायालयाने ते सोंग ओळखलं. ग्लेन एकोने जे तोंडी ठेवलं होतं ते लेक निक्सनने पंचवीस सेंटच्या कार्डावर लिहिलं, हीच काय ती प्रगती.

ग्लेन एको खुलं झाल्यानंतर सात-आठ वर्षंच टिकलं. ११ एप्रिल १९६६, ईस्टरनंतरचा सोमवार. वॉशिंग्टनच्या कृष्णवर्णीय कुटुंबांत या दिवशी बाहेर पडायची जुनी रीत आहे. पार्कात शहरातली पोरं मोठ्या संख्येने आली, पार्क लवकर बंद केलं गेलं, परतीच्या बसेस मिळेनात. शेकडो मुलं मैलोन् मैल चालत घरी निघाली आणि वाटेत काचा फुटल्या, नासधूस झाली. अनेक आठवणींत ‘पार्क बंद का पडलं’ याचं उत्तर हा दिवस असतो. बस न सोडल्याचा भाग त्या आठवणींत बहुधा गळतो. व्हिक्टोरिया वॉलकॉट या इतिहासकार बाईंनी २०१२ मध्ये अमेरिकेतल्या अशा पार्कांवर पुस्तक लिहिलं. शहरोशहरी हेच घडलं, असं त्या दाखवतात: आधी बंदी, मग खुलेपणा, मग एखादी दंगल, मग टाळं, आणि शेवटी उरतो तो ‘पूर्वी किती छान होतं’ हा सूर. ग्लेन एको १९६८ चा हंगाम संपवून बंद झालं. रोलर कोस्टर पाडला. केंद्र सरकारने जमिनीच्या अदलाबदलीत जागा घेतली आणि १९७१ पासून ती राष्ट्रीय उद्यान सेवेकडे आहे.

मेरी-गो-राउंडही विकलं गेलं होतं. गावच्या लोकांनी ८०,००० डॉलर जमवून ते ऑर्गनसकट परत घेतलं. नंतर वीसेक वर्षं त्याची दुरुस्ती चालली. पार्कवाले दर काही हंगामांनी प्राण्यांवर रंग चढवत. ते थर एकेक करून खरवडत दुरुस्ती करणारे १९२१ च्या मूळ रंगापर्यंत पोचले. २००३ मध्ये काम पुरं झालं. आता ते चालू आहे, तिकीट काढून बसता येतं.

ज्यांनी लहानपणी तिथे सुट्ट्या घालवल्या त्यांच्या आठवणी मी खोट्या मानत नाही. क्रिस्टल पूलच्या वाळूचे चटके, डिप्सच्या पहिल्या उतारावर पोटात आलेला गोळा, ऑर्गनचा आवाज, हे सगळं पुरावाच आहे. फक्त तो कशाचा पुरावा आहे ते पाहावं लागतं. ज्याला कधी अडवलं नाही त्याच्या आठवणीत फाटकच नसतं. फलक नव्हता तेव्हा लक्षात राहणार काय? म्हणूनच वर्षानुवर्षं पार्कमध्ये राबवलेल्या नियमाची सगळ्यात भक्कम नोंद सापडते ती एका ध्वनिफितीत आणि एका खटल्यात, म्हणजे जिथे गिऱ्हाइकाची सेवा नाकारली गेली तिथे.

बाल्टिमोर शहरालगतच्या ग्विन ओक पार्कची गोष्ट याच्या जोडीने वाचावी. १९६३ च्या ४ जुलैला तिथे २८३ निदर्शकांना अटक झाली. २८ ऑगस्टला, वॉशिंग्टनच्या मोर्चात किंग बोलत होते त्याच दिवशी, पार्क सर्वांना खुलं झालं आणि अकरा महिन्यांची एक मुलगी वडिलांबरोबर घोड्यावर बसली. १९७२ च्या ॲग्नेस वादळात पार्क बुडालं ते कायमचं. त्याचं मेरी-गो-राउंड १९८१ मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर, स्मिथसोनियनच्या दारात आणून बसवलं.

ग्लेन एकोच्या पाच जणांमध्ये एक तरुणी होती, ग्वेन्डोलिन ग्रीन. लग्नानंतर ग्वेन्डोलिन ग्रीन ब्रिट. खटल्यातली प्रतिवादी बाजू म्हणजे मेरिलँड राज्य. त्याच राज्याच्या सिनेटवर त्या २००२ मध्ये निवडून गेल्या आणि २००८ च्या जानेवारीत मृत्यू येईपर्यंत सिनेटर होत्या.